बाळंतिणीचा पत्ता

१८ मार्च, मंगळवार
सोमीने आज झाड दाखवलं. आपटा गावाच्या अलीकडे, तिच्या कातकरीवाडीच्या वरच्या अंगाला. जुना बेहडा. दोन वर्षं मी तिच्याकडून रानभाज्या घेते, पण रानातलं काही विचारलं की "तिकडं काय हाय, पाला हाय" म्हणून वाटेला लावायची. आज आपणहून घेऊन गेली. कारण उघड आहे. बुंध्यावर पांढऱ्या रंगात ७३ घातलंय. उलव्याकडे विजेची नवी लाइन जायची, तिच्या वाटेतल्या प्रत्येक झाडाला नंबर पडलाय.

ढोली बरीच वर. तोंड लिंपलेलं, मध्ये बोटभर फट. आत राखी धनेशाची मादी. अंडी घालायची वेळ झाली की स्वतःला असं कोंडून घेते, पिसं गाळते, नर बाहेरून भरवतो. नर आला नाही तर उपाशी. चौतीस वर्षं फळ्यावर चित्र काढून शिकवलं हे. प्रत्यक्ष आज पाहिलं.

सोमी ढोलीकडे बोट दाखवत नाही, हनुवटी उचलते. अगदी हळू म्हणाली, "बाळंतीन हाय. कुनाला सांगाचा नाय, बाई." वाडीत बाळंतिणीच्या दारावरून परका जात नाही. राखणीला बसलेली म्हातारीसुद्धा दाराकडे पाठ करून बसते. इथेही तोच नियम. मी हो म्हटलं.

२० मार्च, गुरुवार
आमच्या झाडं वाचवणाऱ्या ग्रुपची मीटिंग. आठ जण, त्यात चहाला आलेले तीन. पराग आमचा सेक्रेटरी, माझाच जुना विद्यार्थी, आता रोडपालीला राहतो. लाइनसाठीच्या झाडतोडीवर हरकती ३१पर्यंत द्यायच्या. "टीचर, प्रूफ पाहिजे. झाड जुनं आहे, छान आहे, असलं चालत नाही तिथे. घरटं असेल तर बोला."

मी वही चाळायला लागले. पण चेहऱ्यावर दिसलं असणार, तो लगेच म्हणाला, "आहे ना?"

फोटो आणि लोकेशन टाकीन म्हटलं. फक्त ग्रुपवर. झाड वाचवायचं तर सांगायला हवं, आणि सोमीला तर हो म्हटलंय...

२१ मार्च, शुक्रवार
फोटो मिळाला. नर ७.१०, ७.४०, ८.२०. चोचीत उंबर. फटीतून तिच्या चोचीचं टोक आलं, फळ घेतलं, परत आत.

दिवसभर तिथेच बसले, परतायला उशीर झाला, पुलाशी ट्रक अडकला होता. सूर्य बुडायला पंधरा मिनिटं. फोटो, लोकेशन, "बेहडा नं. ७३" एवढं ग्रुपवर टाकलं. फोन बंद करून कपाटात. घाईत लिहितेय, शब्बाथचा दिवा लावायचाय.

२३ मार्च, रविवार
शनिवारी मी लिहीत नाही, फोन हातात घेत नाही. पनवेलात हे पाळणारी आम्हा ज्यूंची चारच घरं उरली असतील. काल तारे दिसल्यावर फोन सुरू केला. सोमीचे अकरा मिस्ड कॉल.

माझा फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. काल पहाटेपासून लोक. गाड्या वाडीच्या अंगणात, हातभर लांब लेन्स. कुणी मोबाइलवर धनेशाचा आवाज वाजवत होता, नर यावा म्हणून. एकजण शेजारच्या झाडावर चढला. सोमी अडवायला गेली तर म्हणाला, जंगल काय तुझ्या बापाचं आहे? ती मला फोन लावत राहिली आणि माझा फोन चादरींच्या घडीखाली.

आज मी सहा ते अकरा झाडाशी बसले. नर नाही.

सोमी एवढंच म्हणाली, "तुमी हो बोल्ल्या होत्या, बाई." वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. मी शब्द मोडला. शब्बाथ पाळला आणि शब्द मोडला.

२५ मार्च, मंगळवार
वाडीतल्या बायकांनी पायवाटेवर दोरी बांधली आहे. दोघी-दोघी पाळीने बसतात. कामाचे खाडे करून. कॅमेरेवाला आला की सांगतात, "वर बाळंतीन हाय, जाता येनार नाय." लोक मुकाट्याने परत फिरतात. एकाने घाबरून विचारलं, अॅम्ब्युलन्स बोलवू का? तर म्हणे, "डाक्टर येऊन गेला."

मला हसू आलं. सोमी हसली नाही. माझ्याशी अजून बोलत नाही.

नर ८.०५ला समोरच्या ऐनाच्या झाडावर. गळा फुगलेला, म्हणजे फळं भरून आणलेली. बसला, मान फिरवून पाहिलं, गेला. ढोलीवर नाही.

२७ मार्च, गुरुवार
मूर्खपणा केला. बाजारामागच्या उंबराखालून डबाभर फळं वेचून नेली. काय करणार होते मी, शिडी लावून भरवणार? सोमीने डबा उघडून पाहिला. "बाळंतविडा आनला?" आणि हसली. पाच दिवसांनी. मग म्हणाली, "तुमच्या हातचा नाय खायाची ती. बसा."

बसले. दाराकडे पाठ करून, ती बसते तशी. मला जमत नाही, मान वळतेच.

झाडाखाली उंबराच्या बिया आहेत. आजच्या की शुक्रवारच्या, म्हणजे तो भरवून जातो की नाही, कळत नाही.

२८ मार्च, शुक्रवार
परागने हरकतीचा फॉर्म आणला. सगळं भरलंय, 'ठिकाण' हा रकाना मोकळा. अक्षांश-रेखांश द्यावे लागतात आणि हरकतींची यादी कचेरीच्या भिंतीवर लागते, कुणीही वाचावी. "टीचर, सॉरी. पण पत्ता नसलेलं घर त्यांना दिसत नाही." त्याला रागवायचं होतं. पण ग्रुपवर टाकलं मी, त्याने नाही.

इस्रायलमधल्या अश्दोदहून मुलाचा फोन. आई, तिथे आता कोण आहे तुझं? बाळंतीण आहे म्हटलं. कोणाची, त्याने विचारलं.

शेजारच्या नफीसाकडे आज फोन ठेवतेय. सोमीचा आला तर दार वाजव म्हटलं. सहा वाजले.

३० मार्च, रविवार
फॉर्म घेऊन वाडीवर. सोमीला सगळा वाचून दाखवला, मोकळ्या रकान्यासकट.

"नाय लिवला तर?"
"कापतील."
"लिवला तर?"
"लोक परत येतील. यादी भिंतीवर लागते."

ती बराच वेळ काटकी मोडत बसली. या वेळी मी घाई केली नाही. मग म्हणाली, "लिवा. पन नुसता नंबर नाय. बाळंतिनीचा घर लिवा. आनि खाली राखनदार म्हनून माजा नाव."

लिहिलं. ठिकाण: बाळंतिणीचं घर, झाड क्र. ७३. त्याखाली अक्षांश-रेखांश. सोमीने सही केली, एकेक अक्षर जपून. मग मी, तिच्या खाली.

नराचं अजून तेच. येतो, ऐनावर बसतो, जातो. तिची चोच फटीतून बाहेर येते आणि तशीच राहते. पाहवत नाही.

३१ मार्च, सोमवार
फॉर्म दिला. कारकुनाने मोठ्याने वाचलं. "बाळंतिणीचं घर? हॉस्पिटल आहे का तिथे?" नाही म्हटलं, घरच आहे. शिक्का मारला. सुनावणी कधी, ते कळवतील.

सोमीला फोन केला. "दोरी आजून हाय," म्हणाली.

२ एप्रिल, बुधवार
आज दोरीवर माझी पाळी, सोमीबरोबर. यादी लागली असेल की नाही, माहीत नाही. अजून कुणी आलं नाही.

७.२५ नर ऐनावर. गळा भरलेला. सोमी म्हणाली, "तुमी बगता म्हनून येत नाय तो." तिच्यासारखी पाठ केली. वही मांडीवर, पेन हातात. समोर वाडी, कुणीतरी भांडी घासत होतं.

७.४० मागे पंख वाजले. आला की गेला, मी वळून पाहिलं नाही.