डेव्हिल्स ट्रम्पेट, मुक्काम माले

१२ ऑक्टोबर २०२५, पहाटे ५.३०
(घड्याळात ९.१० झालेत. पण जाग ५.३०लाच आली होती, म्हणून तीच वेळ धरतो.)
शुभांगीने अल्टिमेटम दिला. हिंजवडीची नोकरी सोडून मी माल्याला प्लॉटवर राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. ती पुण्याहून दर रविवारी येते आणि मेलेली झाडं मोजते. गुलाब, लिंबू, कढीपत्ता. तुळससुद्धा. तुळशीनंतर सासूबाई माझ्याशी चार महिने बोलल्या नाहीत. तेवढाच फायदा.
अट अशी: मी स्वतः लावलेलं एक झाड महाशिवरात्रीपर्यंत जगलं, तर ती वर्क फ्रॉम होम घेऊन इथे राहायला येणार. नाही तर प्लॉट विकायला एजंट अमोलला फोन, आणि मी परत फ्लॅटमध्ये.
एक झाड! हसूच आलं.

१४ ऑक्टोबर
रूट कॉज सापडलं. दोष माझा नाही, शेळ्यांचा आहे. रंभाबाई वाडीवरून झाडलोट-स्वयंपाकाला येतात, त्यांच्या मागे त्यांच्या शेळ्या येतात. म्हणजे शेळी तोंड लावणार नाही असं झाड हवं. म्हणजे विषारी हवं. ऑनलाइन मिळालं: डेव्हिल्स ट्रम्पेट. इंपोर्टेड. सात बिया. फोटोत जांभळं, दुहेरी फूल. पानापासून बीपर्यंत सगळं विष. रेटिंग ४.८. ऑर्डर केली. मुळशी तालुक्यात मी पहिलाच असणार.

२३ ऑक्टोबर
भाऊबीजेला बहिणीकडे गेलो नाही. बिया भिजत घातल्या होत्या.

९ नोव्हेंबर
सातातली एक उगवली! नाव लुसी. ग्लोव्ह्ज, गॉगल, हेल्मेट घालूनच जवळ जातो. कवटी काढून पत्र्याची पाटी लावली: सावधान, जहाल विष.
रंभाबाई वाकून बघून म्हणाल्या, सायेब, ह्यो तर धोतरा हाय, कोंडीबाच्या उकिरड्यावर लई हाय. मी हसलो. इंपोर्टेड आणि उकिरडा यातला फरक वीस मिनिटं समजावला. व्हय का, म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या. शिक्षणाचा अभाव, दुसरं काय.

२१ नोव्हेंबर
लुसीचं डाएट: सकाळी पाणी, अकराला पाणी, दुपारी ताक, चारला गार कॉफी, रात्री झोपताना थोडं पाणी. पानं पिवळी पडलीत आणि तिने मान टाकली आहे. वाचलं, याला डॉर्मन्सी म्हणतात. विश्रांती घेतेय.
उद्यापासून आठ दिवस पुण्याला, भाच्याचं लग्न. रंभाबाईंना लेखी सूचना दिल्या. त्यांना वाचता येत नाही हे नंतर लक्षात आलं, मग तोंडी दिल्या. झाड मेलं तर काय, असं त्यांनी विचारलं. मेलं तर तुमच्या शुभांगीताई कधीच राहायला येणार नाहीत, म्हणालो. म्हणताना आवाज जरा घोगरा झाला. धूळ फार आहे इथे.

३० नोव्हेंबर
चमत्कार!! विश्रांती संपली! टीचभर होती ती हातभर झाली! पानं हिरवीगार! कुंडीत अंड्याची टरफलं आणि एका चपलेचा पट्टा सापडला. रंभाबाई सेंद्रिय खताकडे वळलेल्या दिसतात. माझ्या सहवासाचा परिणाम.

७ डिसेंबर
लुसीचं रक्त शुद्ध राहिलं पाहिजे. गावठी धोतऱ्याचा पराग नको. कोंडीबाच्या उकिरड्यापासून ओढ्यापर्यंत होता नव्हता तेवढा धोतरा स्वतः उभं राहून उपटून घेतला. रंभाबाई उपटताना तोंडाला पदर लावून होत्या. विषाची भीती शेवटी त्यांनाही पटली.

४ जानेवारी २०२६
शुभांगी आली. लुसीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तडक आत गेली. भारावली असणार. नंतर स्वयंपाकघरात ती आणि रंभाबाई बराच वेळ हसत होत्या. बायकांचं काहीतरी.
संकल्प: उद्यापासून साडेपाचला उठायचं.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०
फूल उमललं! एकेरी आणि पांढरं. पाकिटावर जांभळं होतं, पण हवामानाचा फरक असतो. शिवाय पांढरं जास्त दुर्मिळ असणार.
कोंडीबा फाटकाशी आला. त्यानेच मला हा प्लॉट विकला. म्हणाला, सायेब, शिवरात्रीला ही फुलं आमाला द्या, म्हादेवाला लागत्यात. औंदा आमचा सगळा धोतरा तुमीच उपटलाय. मी ठाम नकार दिला. इंपोर्टेड वस्तू देवळात वाटायची नसते.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र, सकाळी ९.४०
पावणेनऊला उठलो. लुसीचा नुसता सांगाडा उभा होता. फुलं, कळ्या, काटेरी बोंडं, काही नाही. कोंडीबाची सगळी भावकी सहालाच येऊन गेली म्हणे. पाटीसुद्धा नेली. फुलं ठेवायला ताट आणलं नव्हतं त्यांनी.
मी ओरडलो की माझ्या लुसीचं वाटोळं केलंत. तेव्हा रंभाबाई म्हणाल्या, तुमची लुसी कवाच मेली सायेब, कुजून गेलती. तुमचं तोंड बगून मला कसंतरीच झालं, म्हून उकिरड्यावरचा येक आनून लावला. ताईंना ठाव हाय.
शुभांगी चहा पीत होती. जानेवारीपासून माहीत आहे, म्हणाली.
म्हणजे मी हरलो. मुकाट्याने फोन काढला आणि अमोलचा नंबर शोधायला लागलो. शुभांगीने फोन काढून घेतला. म्हणाली, एक मार्चपासून येतेय. तुझ्यासाठी कुणीतरी उकिरडा तुडवून झाड आणतं, म्हणजे माणसं बरी आहेत इथली. फक्त बाग रंभाबाई बघतील. तू कुंडीला हात लावायचा नाहीस. पाणी तर अजिबात नाही.
बरं वाटलं. फारच बरं वाटलं. (अपमानही झाला, पण तो नंतर लिहीन.)

संध्याकाळी ६.१०
कोंडीबाच्या उकिरड्यापर्यंत चक्कर मारून आलो. उपटला होता तिथे नवा धोतरा उगवलाय. मोजली, एकोणीस रोपं. सगळी ठणठणीत. मी गेले दोन महिने तिकडे फिरकलो नव्हतो.