शेळगावच्या प्रयोगातलं एक वाक्य

पिंपळी, सोमवार

आदरणीय मोहनमामा यांना प्रतिक्षाचा नमस्कार.

मामींचा गुडघा कसा आहे, डाळिंबावर फवारणी झाली का आणि आजी चष्मा लावते का, हे कळवा. इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून. खरं तर फोनच केला असता; पण फोनवर ‘हॅलो’नंतरचं सगळं तुम्हीच बोलता आणि या वेळी मला माझी वाक्यं पूर्ण करायची आहेत.

विषय गोकुळचा आहे. तुम्ही मधूनच सुरुवात केलीत, म्हणून मी मुळापासून सांगते. कोऱ्हाळे बुद्रुकच्या जत्रेत ‘पाहुणं, खाट मोडंल’ या नाटकाची ध्वनिव्यवस्था माझ्याकडे होती. (तुम्ही गावभर ‘आमची भाची स्पीकरवाली’ असं सांगता. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे.) नाटक चावट आहे म्हणणं म्हणजे त्याची बाजू घेणं होईल. एक बियाणं विकणारा माणूस मुक्कामाला येतो, अंधारात घरमालकिणीच्या खोलीत शिरतो, आणि तिथून पुढे टोमॅटो, कणीस, डाळिंब यांपैकी काहीही नुसतं खाण्यासाठी उरत नाही. नायक गोकुळ. दिवसा तो इंदापुरात खरोखरच बियाण्याच्या दुकानात असतो, त्यामुळे भूमिकेचा अभ्यास झालेला होता. कोऱ्हाळ्यात त्याने काम सगळे करतात तसंच केलं: प्रेक्षकांकडे तोंड, प्रत्येक वाक्याला डोळा. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या आल्या, बायकांच्या बाजूने मध्यंतराच्या आधीच सतरंज्या झटकल्याचा आवाज. मला आवडलं ते एवढंच, की शेवटी कॉलर माइक परत करताना त्याने वायर नीट गुंडाळून दिली. नट असं करत नाहीत.

मग त्याचंच स्थळ घेऊन तुम्ही आलात. पोहे झाले, आणि ‘पोरांना बोलू द्या’ म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं. तिथे पाण्याच्या टाकीजवळ, मिरच्या वाळत घातलेल्या चादरीच्या कडेला तो टेकला. चादरीची सुरकुती हाताने सारखी करत राहिला, माझ्याकडे न बघता बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “न्हाय म्हणायचं असंल तर म्हणा. फक्त जरा सावकाश म्हणा.” हे वाक्य मी आईलाही सांगितलं नाही. (तुम्ही तिला हे पत्र वाचून दाखवणार, हे गृहीत धरलं आहे.) त्याच आठवड्यात मी होकार कळवणार होते. ही माहिती आता फक्त नोंदीसाठी.

त्याआधी तुमच्या शेळगावची जत्रा आली. नाटक तेच, टोमॅटो तेच. पण गोकुळने डोळा मारणं सोडलं होतं. तो घाणेरडं वाक्य बोलायचा, आपण काय बोललो ते स्वतःच ऐकायचा आणि खाली बघायचा. लोक हसत होते; पण त्याला हसत होते, घरमालकिणीला नाही. पदर तोंडावर घेऊन उठायच्या बेतात असलेली आजी बसूनच राहिली आणि शेजारणीला म्हणाली, “थांब गं. पोरगं लाजतंय बघ.” दुसऱ्या अंकात खाटेचा प्रसंग आला. तिथलं मूळ वाक्य मी लिहीत नाही. डाळिंबाबद्दल आहे, एवढं पुरे. त्या जागी गोकुळ खाटेच्या कडेला टेकला, चादरीची सुरकुती सारखी करू लागला आणि थांबला. इतका थांबला, की मला वाटलं माइक गेला, म्हणून मी आवाज वाढवला. त्यामुळे गच्चीवरचं माझं वाक्य साऱ्या शेळगावाने स्वच्छ ऐकलं. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही दोष नव्हता.

एकही बाई उठली नाही. आजी रडली. आणि तुम्ही, मामा, बक्षीस पुकारायला म्हणून प्रयोग थांबवून मंचावर चढलात आणि म्हणालात, “ह्यो कुणी परका न्हाय. आमची पिंपळीची भाची ह्यालाच दिली हाय. गावचा जावई हाय ह्यो.” कमिटीने लगेच जावयाला फेटा बांधला. उरलेलं नाटक तो त्या बाईच्या खोलीत फेटा घालून लपत होता. तुमचा माइक मी बंद करू शकत होते. पण जत्रेत गावकऱ्याच्या हातातला माइक बंद केला, तर पुढच्या वर्षी काम मिळत नाही.

सामान आवरताना मी गोकुळला विचारलं, गच्चीवर तालीम चालली होती का. तो म्हणाला, “न्हाय. आधी तुमालाच म्हणलो. तवा खरंच भ्यालो होतो. मग वाटलं, त्या पाहुण्यानं पण असंच भ्यायला पायजे.” माझा त्याच्यावर विश्वास बसला, हीच अडचण आहे. खोटारडा निघाला असता, तर तुम्हाला दोन ओळींत नकार कळवला असता. तो खरा आहे, आणि खरं बोललेलं वाया जाऊ देत नाही. उद्या मी आजारी पडले, रडले, तर तेही कुठल्या तरी तिसऱ्या अंकात लागेल आणि लोक टाळ्या वाजवतील. आता बारामती, इंदापूर दोन्ही तालुक्यांतून त्या नाटकाला मागणी आहे, आणि त्यात जे चावट नाही ते सगळं माझ्या गच्चीवरचं आहे.

तेव्हा जावई जाहीर केलात, तो त्याच गावात परत घ्यावा. मामींना नमस्कार.

तुमची, अजून कुणालाही न दिलेली भाची,
प्रतिक्षा

ता. क. वरचं बाजूला ठेवा. खरं काम हे आहे. गोकुळला सांगा, बारामतीच्या प्रयोगाआधी ते वाक्य काढून मूळचं घाल. घातलं, तर माझा होकार. हे तुम्हीच सांगा. मी सांगायला गेले तर तो ऐकून घेईल, आणि तो कसं ऐकून घेतो ते मला बघायचं नाही.

आणखी एक. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. त्याला काही सांगू नका. मूळचं वाक्य घातलं तर दुसरा अंक पडतो. कोऱ्हाळ्यात मी ऐकलं आहे. वाक्य राहू द्या, ते तिथेच शोभतं. स्थळ नको, एवढंच कळवा. बारामतीला ध्वनिव्यवस्था माझीच आहे.