मेलेल्याच्या नावापुढचा नंबर

४ मार्च
आणि वर दाजी म्हणतात, सातवी नापासाला खुर्ची कोण देणार! या म्हणावं, बघा. फिरती खुर्ची, गार खोली, कपाटाएवढे सर्व्हर. वीज जाऊन आली की बटणं दाबायची आणि वेबसाइट उठली का बघायचं, झालं काम! आमचा इंजिनिअर, त्याला सगळे चष्माच म्हणतात, यासाठी पंधरा वर्षं शिकला. बुटाची नाडी सुटलेली मात्र कळत नाही. इथली रीत अशी, की ज्याच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, त्याचंच टोपणनाव कॉम्प्युटरला. माझा ‘भोपू’. माझ्या आधी इथं बसायचा त्याचा ‘खारू’. तो माणूस गेल्या वर्षी इथंच वारला. तीस तारखेला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. पहिला पगार तिकडंच.

९ मार्च
सर्व्हर उठताना त्याला पाठ असलेलं एकेक नाव एका फाईलीत शोधतो, कुठल्या नावाच्या कॉम्प्युटरचा कुठला नंबर. एक नाव जरी सापडलं नाही, तर रुसलेल्या जावयासारखा बसून राहतो. आज फाईल उघडली तर खारू त्यात अजून! कॉम्प्युटर भंगारात, माणूस मसणात आणि नाव हजर. पुसून टाकलं.

१० मार्च
सकाळी वीज गेली. आली, पण सर्व्हर उठेना. पडद्यावर एकच ओळ: ‘खारू’ सापडत नाही. चष्मा फोनवर किंचाळला, की शहाण्या, लिही ते नाव परत. मेलेल्याच्या नावापुढं पडीक नंबर लिहायचा, चालू कॉम्प्युटरचा कधीच नाही. का, ते सांगेना. एवढं शिकून भित्रा तो भित्राच! पडीक नंबर कोण शोधत बसतो? मी माझाच ठोकला. सर्व्हर टुणकन उठला.

१३ मार्च
गेटवरच्या पहारेकऱ्यानं विचारलं, काय खारू, बरा झालास का. म्हटलं, सकाळीच लावलीस काय? कार्ड दाखवलं. कार्डावर खारू. दुपारी टेबलावरचा फोन वाजला. कुणी म्हातारी. नाव सांगितलं, म्हणाली खारूची आई. रडायलाच लागली. म्हणाली, सापडलास रे एकदाचा लेकरा.

१६ मार्च
ती ओळ पुसायला गेलो. पुसली जाईना. आणि फाईलीत भोपूच नाही. लिहिलं, फाईल बंद केली, उघडली — नाही.
घरी फोन लावला. ताई म्हणाली, या नावाचं इथं कुणी नाही. आवाज तरी ओळख म्हटलं, तर तिनं दाजींना हाक मारली, कुणीतरी टवाळ छळतोय म्हणून.

२८ मार्च
पगार झाला. पाकिटावर खारू. चष्मा नजर चुकवतो. सांगितलं होतं, एवढंच म्हणतो. मोठा आला सांगणारा —

२९ मार्च
उद्या ऑपरेशन. ओळखू नका मला, पण पैसे घ्या —
बँकेत पैसे पाठवायच्या फॉर्मवर आईचं नाव लिहितो, उमटतं फोनवरच्या त्या म्हातारीचं. तिसरा फॉर्म. कारकून म्हणतो, खारू, मागं रांग बघ. चौथा. आईचं नाव — आई, तुझं नाव काय गं — आत्ता होतं —
कुणाच्या का आईला मिळेना, म्हातारे, तूच घे — पाठवतोय — साडेनऊ हजार —