टिपाडातल्या मोटारीची निरवानिरव

मी, आसाराम वल्द ग्यानबा तांदळे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व पूर्वी बोटचालक, राहणार धरणकाठची वस्ती, मौजे कासारदरा, तालुका केज, जिल्हा बीड, आज पोळ्याच्या दिवशी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरचा दाखला सोबत टाचला आहे, कारण गावाचे मत गेली तीस वर्षे वेगळे आहे. मी नशापाणी केलेले नाही, कोणाच्या दबावाखाली नाही, आणि मला दाबील असा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे.

कलम एक. चार खणांचे पत्र्याचे घर, धरणात जायची राहिलेली दीड एकर बरड आणि बँकेत असेल ती शिल्लक माझा एकुलता मुलगा उत्तरेश्वर याला द्यावी. त्याचे केजला मोबाइलचे दुकान आहे. तो जमीन कसणार नाही आणि या घरात राहणारही नाही, पण पोटचा आहे आणि स्वभावाने वाईट नाही. फक्त बंद पडलेली वस्तू दुरुस्त करायची असते हे त्याला कोणी शिकवले नाही. एकदा मला म्हणाला, "आबा, ती मोटार भंगारात घाला, किलोवर जाईल." त्या दिवसापासून मोटारीपुरता त्याचा वारसा मी मनातून काढला, तो आज कागदावरूनही काढतो.

कलम दोन. लाकडी बोट कुजली आहे. ती माझ्या सरणाला वापरावी. तिची दोन्ही वल्ही सगळ्यांत आधी पेटवावीत. का ते पुढे कळेल.

कलम तीन, मोटारीविषयी. हे कलम लांब आहे. वाचताना कोणी जांभया देऊ नयेत, विशेषतः संस्थेच्या माजी संचालकांनी. त्यांनी सभांमध्ये पुरेशा दिल्या आहेत.

आमच्या जमिनी धरणात गेल्यावर सरकारने आम्हाला मासे धरायला सांगितले. ज्यांनी विहिरीपलीकडे पाणी पाहिले नव्हते, त्यांची मच्छीमार सहकारी संस्था झाली. चेअरमन झाले विठ्ठलराव. त्यांना पोहता येत नव्हते आणि माशाच्या वासाने मळमळत होते, पण टोपी कडक इस्त्रीची होती आणि आमच्याकडे तेवढे पुरते. १९८७ साली संस्थेला बोटीच्या मागे टांगायची आठ अश्वशक्तीची जपानी मोटार मिळाली. ती शिकायला कोणाला तरी आठ दिवस कोकणात जायचे होते. संचालकांना प्रवासभत्ता हवा होता, प्रवास नको होता, म्हणून मला पाठवले. या गावात मला मिळालेला हा एकमेव मान, तोही दुसऱ्यांच्या आळसामुळे.

ही मोटार खालून पाणी ओढते, त्या पाण्याने थंड राहते आणि ते मागच्या छिद्रातून धारेने बाहेर टाकते. ते ओढण्यासाठी तिच्या पोटात सहा पात्यांचा एक रबरी पंखा आहे. कोरडी चालवली की तो पंखा बघता बघता जळतो. बरे, नुसती ठेवून दिली तर आत गाळ धरतो, पेट्रोल सुकून चिकट होते आणि ती तशीही मरते. म्हणून धरण आटले की मी तिला वस्तीवर आणायचो, लिंबाच्या खोडाला ठोकलेल्या फळीवर टांगायचो, खालचे अंग पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या टिपाडात बुडवायचो आणि दर अमावास्येला दहा मिनिटे चालवायचो. आमच्या भागात धरण भरलेले कमी आणि आटलेले जास्त, त्यामुळे ही मोटार पाण्यापेक्षा माझ्या अंगणातच जास्त चालली. लोक रस्त्यावरून हसत जायचे. "आसाराम घरीच बोट हाणायलाय," म्हणायचे. हसणाऱ्यांपैकी एकालाही स्वतःच्या विहिरीवरची मोटार धड लावता येत नव्हती.

दुष्काळात टँकर सुरू झाला तेव्हा हसणे थांबले आणि भांडण सुरू झाले. माझ्या भिंतीपलीकडे दगडाबाई भ्र. शहादेव केदार राहते. तिच्यासारखी कजाग बाई मी पाहिली नाही. मोटारीचा आवाज आला की ती डोक्यावर पदर घेऊन फाटकात हजर. "भाऊजी, मानसाला प्याया न्हाई अन् तुमी लोखंडाला पाजायलेत!" मी ओरडून सांगायचो की बाई, हे तेच पाणी आहे, पाच महिने जुन्या धोतरातून गाळून वापरतोय, माझ्या आंघोळीचे तोडलेय, तुझ्या हंड्यातले नाही. पुढच्या अमावास्येला ती नवी खोट काढायची. टिपाड अर्धेच कावून भरत नाही? मी ओरडायचो की पाणी त्या आडव्या पट्टीच्या दोन बोटे वर लागते. गिअरमध्ये कावून टाकत नाही? मी ओरडायचो की टिपाड फोडायचे आहे का. असे चार वर्षे चालले. एके दिवशी ती येऊन म्हणाली, "मागची धार बारीक झालीय. स्टोव्हची पिन घाला की तिच्यात." मी पाहिले तर खरेच छिद्रात गाळ अडकला होता. मी तिला हाकलून दिले आणि ती गेल्यावर पिन घातली. शिव्या देता देता या बाईने सगळे काम शिकून घेतले होते, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला.

२०१६ साली पोळ्याला धरणात चिखलसुद्धा उरला नव्हता. विकलेल्या बैलांमुळे मिरवणूक रोडावली होती. विठ्ठलरावांच्या डोक्यात आले की संस्थेचा बैल म्हणजे मोटार. मी सकाळीच ऑइल आणायला केजला गेलो होतो. त्यांनी माझ्या अंगणातून मोटार फळीसकट काढली, बैलगाडीवर बांधली, तिच्यावर झूल टाकली, बाशिंग बांधले, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि पेपरात फोटो द्यायचा म्हणून दोरी ओढून तशीच चालू केली. बैल डरकला पाहिजे ना! तिला दर महिन्याला पाजून राखली होती, पहिल्याच ओढीला चालू झाली. हलगी वाजत होती. शहाणे लोक टाळ्या पिटत होते.

एकटी दगडाबाई गर्दी फोडून पुढे गेली. "आरं, पानी कुटंय? तिला पानी लावा, जळंल ती!"

विठ्ठलराव म्हणाले, "बाई, मानसाला प्याया न्हाई अन् लोखंडाला कुटून पाजू?" तिचेच शब्द तिच्या तोंडावर मारले. सगळे गाव हसले. हे मला खाली सही करणारे साक्षीदार राधाकिशन यांनी सांगितले. ते तेव्हा टाळ्या पिटणाऱ्यांत होते.

संध्याकाळी मी मोटार उघडली. पंखा वितळून आतल्या खोबणीला चिकटला होता. मी तो खरवडून काढला आणि संस्थेकडे नव्या पंख्यासाठी अर्ज दिला. संस्थेची वस्तू, संस्थेने मोडली, आता संस्थेने आणावी. ठरावासाठी सभा लागली. पहिल्या सभेला गणपूर्ती झाली नाही. दुसऱ्या सभेला चेअरमन लग्नाला गेले. तिसऱ्या सभेत एकाने विचारले की मोटार पाण्याची, मग तिला पंखा कशाला? यावर तासभर चर्चा झाली.

दगडाबाई भिंतीवरून म्हणाली, "भाऊजी, रबरच तर हाय. आना की तुमीच. पानी काय सांगून येतंय का?"

तो पंखा मला परवडत होता. लातूरहून दोन दिवसांत आला असता. पण मी तिला म्हणालो, "तू तुझ्या चुलीकडं बघ. ज्यांनी जाळला त्येच आनतील." मला विठ्ठलरावांना त्या सभेत खाली मान घातलेले पाहायचे होते. माझी पत्नी सत्यभामा तेव्हा उंबऱ्यात ज्वारी निवडत होती.

भाद्रपदाच्या शेवटी पाऊस आला आणि पाच दिवसांत धरण भरले. वस्तीचा रस्ता नेहमीप्रमाणे पाण्याखाली गेला. सहाव्या दिवशी भर दुपारी जळणाच्या ढिगातून लाकूड ओढताना सत्यभामेला घोणस चावली. मोटारीवर पैलतीर दहा मिनिटांचा. मी आणि दगडाबाईचा नवरा शहादेव वल्ही मारत होतो, वारा समोरून होता, आम्हाला पाऊण तास लागला. पैलतीरावर जीप उभी होती. तिला उचलून जीपमध्ये ठेवले, तेव्हा ती गेलेली होती. मोटार माझ्या अंगणात लिंबाला टांगलेली होती आणि ठराव अजून व्हायचा होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी लातूरला जाऊन पंखा आणला. पुढे संस्था अवसायनात गेली आणि मोटार लिलावात भंगार म्हणून निघाली, तेव्हा ती मी घेतली. पावती सोबत आहे. मोटार आता माझ्या एकट्याच्या मालकीची आहे, आणि आज दुष्काळ पुन्हा दारात असतानाही पहिल्या ओढीला चालू होते.

कलम चार. जळालेला पंखा मी अडकित्त्याने कापून ठेवला आहे. त्यातली तीन पाती विठ्ठलराव यांना द्यावीत, सोबत पोळ्याची ती झूल आणि बाशिंगही. बाशिंग त्यांना मोटारीपेक्षा शोभेल. माझ्या मयतीत त्यांना भाषण करू देऊ नये. उभे राहिलेच तर हलगी वाजवावी. उरलेली तीन पाती माझ्या उजव्या मुठीत ठेवून मला जाळावे. त्यांचा वाटा त्यांना, माझा वाटा मला. तीस वर्षे मी या गावाला अडाणी म्हणत आलो, आणि पंखा जळाल्यानंतरच्या त्या पंचवीस-सव्वीस दिवसांत सर्वांत अडाणी मीच होतो.

कलम पाच. मोटार, फळी, टिपाड, गाळायचे धोतर, नटबोल्टचे पाने आणि स्टोव्हच्या पिनांची पुडी दगडाबाई भ्र. शहादेव केदार हिला द्यावी. ती माझी नातेवाईक नाही, मैत्रीण तर मुळीच नाही. पण त्या पोळ्याच्या साली या गावात ती दोनदा बरोबर बोलली आणि दोन्ही वेळा पुरुषांनी तिला गप्प केले. पहिल्यांदा त्यांनी, दुसऱ्यांदा मी. तिला सूचनांची गरज नाही, तरी लिहितो, म्हणजे भांडायला काही तरी राहील. धार दिसली नाही तर लगेच बंद कर. शेवटी पेट्रोलची नळी काढ आणि मोटार आपोआप बंद पडेपर्यंत चालू दे. उभीच टांग, म्हणजे आतले पाणी निथळते. ते तेलकट पाणी म्हशीला दाखवू नको, लिंबाला घाल. दर दोन वर्षांनी पंखा बदल आणि त्यासाठी कोणाच्या ठरावाची वाट बघू नको. वस्तीवरचे कोणी अडले की माझ्याशी भांडलेला असला तरी पलीकडे पोहोचव. उत्तरेश्वरने मोटार तिच्या दारात आपल्या खांद्यावरून नेऊन द्यावी, जीपमधून नाही.

कलम सहा. दगडाबाईची साक्ष घेतलेली नाही. जिला द्यायचे तिची सही नको, असे वकील म्हणाले. तरी साक्षीदारांसाठी मी हे मोठ्याने वाचले आणि ती भिंतीपलीकडे कान लावून होती, हे सर्वांना ठाऊक होते. वाचून झाल्यावर ती भिंतीवरून डोकावली. मला वाटले, आता ओरडेल. ती हळूच म्हणाली, "मंग तवाच पंखा कावून न्हाई आनला, भाऊजी?"

तिचा प्रश्न जसा विचारला तसा वर लिहिला आहे. साक्षीदारांनी तो वाचून मगच सही करावी.

ठिकाण : धरणकाठची वस्ती, कासारदरा, तालुका केज
तारीख : ३० ऑगस्ट २०१९, पोळा

लिहून ठेवणार :
आसाराम वल्द ग्यानबा तांदळे (सही)

आमच्या समक्ष लिहिणाऱ्याने सही केली, आणि त्यांच्या समक्ष आम्ही :
१. आश्रुबा, निवृत्त शिक्षक (सही)
२. राधाकिशन, माजी संचालक (सही). सभेला आलो नव्हतो, साक्षीला आलो आहे. प्रश्न वाचला.