शाळेचा कागद, घरचा कागद

२ जुलै १९८४
शाळेतून चिठ्ठी. बेबीने शेजारच्या पोरीच्या हातात पेन्सिल खुपसली. बाईंनी छडीने झोडपलं. घरी मी पट्टा काढला. सात वर्षांची पोर. सौ. मधे पडली, तिलाही एक बसला.

४ जुलै
शाळेने धाडलं म्हणून सुट्टी टाकून तिघं दवाखान्यात. बेबीने टेबलावरचं पेपरवेट खिडकीवर मारलं. काच फुटली. माझा हात उठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथे नाही." दोन कागद दिले, एक शाळेने भरायचा, एक आम्ही. जागेवर बसते का, ऐकते का, मारते का. "दोन्हीकडे सारखीच वागते का, ते पाहायचंय."

७ जुलै
शाळेच्या कागदावर बसणं, ऐकणं 'कधीच नाही'खाली, मारणं 'नेहमी'खाली. घरचा मी भरला. जागेवर बसते? बसते. ऐकते? ऐकते. खोटं काहीच नाही.
सौ. म्हणाली, "अन् तुमी हिंगण्याले ड्यूटीवर असल्यावर?"
"तू गप राह्य वं."

११ जुलै
डॉ.नी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "शाळेत मिनिटभर बसत नाही, घरी मूर्ती. कसं काय?" म्हटलं, शिस्त. त्यांनी बेबीलाच विचारलं.
"बाबा खाटेले बांधते. हाललं का मारते."
फ्रॉक वर करून पाठ पाहिली.  नवा कागद सौ.च्या हातात दिला. "आठ दिवस दोरी नाही, पट्टा नाही. मग भरा."
बाहेर सौ.चं मनगट पिरगाळलं. कागद सोडला नाही तिने. लोक पाहत होते.

१५ जुलै
बेबीने कपबशा फोडल्या. रस्त्यावर धावली, टेम्पोखाली जाता जाता वाचली. आणून भिंतीवर आदळलं मी तिला. कपाळ फुटलं. ती रडलीच नाही, नुसती थिजली. सौ. वरवंटा घेऊन आली. "आता हात लावून पाहा. डोकंच फोडतो तुमचं."
फोडलं असतं. डोळ्यांत दिसलं.
 

१९ जुलै
सौ.ने सकाळी कागद भरला. खाली रिकाम्या जागेतही बरंच लिहिलं, हाताने झाकून. विचारायची हिंमत झाली नाही. दोघी दवाखान्यात गेल्या, मला चला म्हणाल्या नाहीत. बेबी, कपाळाला पट्टी, माझ्यासमोरून हळू, पाय मोजत चालली. गल्लीचं वळण गेल्यावर धावल्याचा आवाज आला.
ड्यूटीवर गेलो नाही. साडेपाच वाजले. अजून आल्या नाहीत.