आयचे धवले

कोलशेत, ठाणे
एप्रिल १९९८

प्रिय मंजू,

रविवारी तुझ्याकडे येऊन गेले खरी, पण ज्यासाठी आले होते ते बोललेच नाही. तुझ्या ओटीवर बायका हळद कुटत बसलेल्या, दौलतभावजी मांडववाल्याशी हुज्जत घालत होते, आणि मला बघितल्याबरोबर तू ओरडलीस, "ताय आली, आता माझं अर्धं काम झालं!" त्यानंतर माझं तोंडच उघडेना. चहा घेतला, शालनच्या लग्नाच्या साड्या बघितल्या आणि दुपारच्या गाडीनं परत फिरले. तुझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायला बसले.

आयच्या गळ्याला गाठ निघाली त्याच वर्षी मला कॉलेजनं कॉम्प्युटरच्या वर्गाला पाठवलं होतं, आठवतं? ठाण्यातल्या निरनिराळ्या लायब्रऱ्यांतले आम्ही सगळे, निम्मे तर रिटायर व्हायला आलेले. चपला बाहेर काढून त्या थंडगार खोलीत चोरासारखे शिरायचो. ही फ्लॉपी, ही अशी सरकवायची, हिच्या ह्या भागाला बोट लावायचं नाही, कामाच्या गोष्टीची नेहमी दुसरी कॉपी ठेवायची. मी सगळं वहीत उतरवून घ्यायची. पहिल्यांदा लेखकाचं नाव टाकलं आणि त्याची पुस्तकं पडद्यावर एकाखाली एक आली, तेव्हा माझे डोळे भरून आले. शेजारच्या बाई हसल्या. पण पुस्तकांच्या कार्डांचे खण उपसून माझी नखं झिजली होती गं, त्यांना काय माहीत. पुढे आमच्या लायब्ररीतही मशीन आलं. त्याच्या पोटात मराठीचं वेगळं कार्ड बसवलेलं, म्हणून मराठी पुस्तकांची नावं मराठीतच घालता यायची.

आयचा आवाज तोवर गेलाच होता. कोलशेतपासून कळव्यापर्यंत जिनं मांडवात धवले गायल्याशिवाय लग्न लागायचं नाही, ती मनुबाई पाणी मागतानासुद्धा कुजबुजायची. टेप करायचं तरी काय? आमचे ग्रंथपाल महिपत सर म्हणाले, "शेवंती, आवाज नाही तर नाही, शब्द तरी घे. शनिवारी लायब्ररी बंद झाली की बस मशीनवर. आणि ती म्हणेल तसंच लिही, शुद्ध करायला जाऊ नकोस." मग मी तिला रिक्षानं न्यायची. ती माझ्या खांद्याला टेकून कानात एकेक ओळ सांगायची आणि मी एकेक अक्षर शोधत बसायची. तिला दम धरवायचा नाही. "अगो, गानं हाय ना, मासली मोजतंस काय?" असं कुजबुजायची आणि हसायला गेली की खोकला लागायचा.

हळदीचे, तेलवणाचे, मुलगी सासरी निघते तेव्हाचे, सगळे झाले. शेवटच्या शनिवारी मी वरती तिचं नाव घातलं आणि वाचून दाखवलं. तिनं पडद्याच्या काचेला हात लावला. काच गरम लागली म्हणून दचकली, मग तसाच ठेवला. "मना आता कालजी नाय. सगला तुजे डब्यान हाय," म्हणाली. त्याच आठवड्यात तिनं तुला सांगितलं की आता धवले शिकायला आंबिवलीहून पोरांना घेऊन धावत येत जाऊ नकोस, तुझा संसार बघ. हळदीचे चार-दोन तुला येत होते, तुझं शिकणं तिथंच थांबलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुलाही वाटलं नसेल. आय तर किती निवांत झाली होती, शेवटचे दोन महिने तिनं कुणाला धवल्यांबद्दल एक शब्द विचारला नाही.

सर म्हणायचे, नीट तपासू आणि छान पुस्तिका छापू. तपासणं राहिलं, सर रिटायर झाले. गेल्या वर्षी कॉलेजात नवी मशिनं आली आणि जुनं भंगारात गेलं, मराठीच्या कार्डासकट. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? माझ्याजवळ फ्लॉप्या होत्या. एक लायब्ररीच्या कपाटात, एक घरी आयच्या पेटीत, वर्गात शिकवलं होतं तश्शी.

शालनचं ठरलं तेव्हा मी कपाटातली फ्लॉपी नव्या मशीनमध्ये घातली. फाइल उघडली. पानंच्या पानं नुसत्या रेघा, चौकोन आणि कसल्या तरी खुणा. एक अक्षर मराठी नाही. मी वाटेल ती बटणं दाबली. मग मराठीचं तसलं जुनं कार्ड कुणाकडे आहे का ते विचारत फिरले. शेवटी डोंबिवलीत बाळ म्हणून एक दुरुस्तीवाले भेटले. भला माणूस. माळ्यावरून जुनं मशीन उतरवून त्यांनी ते माझ्यासाठी जोडलं. पडद्यावर मराठी अक्षरं उमटली तेव्हा मंजू, मला वाटलं आयच समोर येऊन बसली. त्यांनी फ्लॉपी घातली आणि आत करकर आवाज झाला. पुन्हा घातली, पुन्हा करकर. बाहेर काढून उजेडात धरली तर आतल्या चकतीवर बुरशी चढलेली, कॉलेजात उघडली तेव्हाच घासली गेली असणार. घरची काढली, ती तर खाडीच्या दमट हवेनं पांढरी पडलेली. पुसून बघितली, दुसऱ्या मशीनमध्ये घालून बघितली. "बाई, आता ह्यात काही नाही," म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

तुला वाटेल, ताय, तू स्वतः लिहिलेस ना, मग तुला पाठ असतील. तेच तर. मी गाणं ऐकतच नव्हते गं. ती 'हलद' म्हणायची आणि मी 'ह' कुठल्या बटणावर आहे ते शोधत असायची. रोज आठवायला बसते. दोन ओळींच्या पुढे जात नाही, आणि त्या दोन तरी तिच्याच का, ठाऊक नाही.

रविवारी निघताना शालन मागे आली होती. म्हणाली, "मावशी, आजीचे धवले छापून आण हां, मी सासरच्यांना सांगून ठेवलंय." मी मान हलवली. म्हणून हे पत्र. मी काही आणणार नाही, मंजू, आणण्यासारखं काही उरलेलं नाही. धवल्यांसाठी कळव्याच्या गंगुबाईला आजच सांगावा धाड, मे महिन्यात ती मिळणं कठीण. ती तिच्या गावचे म्हणेल, तिला मान दे, मध्ये अडवू नका. हळदीला तुला येतात तेवढे तू म्हण. आणि शालनला हे तूच सांग, मी यायच्या आत. मला तिच्या तोंडावर सांगता येणार नाही.

तुझीच,
शेवंती