मास्तरांचं न्हाणीघर

ता. ९, सोमवार, दुपार

चि. ठकीस,

बाबाचा आशीर्वाद. मी बरा आहे, तूही बरी असशील. जावईबापूंना नमस्कार सांग.

अक्षर बघून दचकू नकोस. माझा उजवा हात मुरगळलाय, म्हणून मी सांगतोय आणि शेजारचे मास्तर लिहून देताहेत. होय, तेच मास्तर. ज्यांचं नाव काढलं तरी मी चहाचा कप आपटायचो, ते आज माझ्या कापड कापायच्या टेबलाशी बसलेत. फोनच केला असता, पण फोनवर तू ‘बाबा, जेवलात का’च्या पुढे मला जाऊच देत नाहीस.

तर बातमी अशी, की भिंत पडली. म्हणजे मास्तरांनी पाडली. मागच्या अंगणात, आपल्या हद्दीला लागून त्यांनी खाली नवं न्हाणीघर बांधलं आणि माझ्या शिलाईच्या खिडकीतला उजेड गेला, हे रामायण तुला तोंडपाठ आहेच. मी अर्जावर अर्ज केले. शेवटी कचेरीचा माणूस टेप घेऊन आला, न्हाणीघराची भिंत वीतभर माझ्या हद्दीत निघाली, आणि पाडायचा हुकूम झाला. त्या दिवशी मी दुकानात शीळ घालत होतो.

मास्तर विचारतात, “‘शीळ’ लिहू का?” लिहा म्हटलं.

न्हाणीघर काही हौसेनं बांधलेलं नव्हतं. त्यांच्या आईंना जिना चढवत नाही, आणि जुनं न्हाणीघर वर. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, मलाही होतं. मास्तर येऊन म्हणाले होते, “आई आहे तोवर राहू द्या, मग मीच पाडतो.” मी म्हटलं, “तोवर माझ्या पोटाचं काय?” तेवढ्यात आई आतून म्हणाल्या, “नाचता येईना, अंगण वाकडं!” ते माझ्या जिव्हारी लागलं. दुसऱ्याच दिवशी पहिला अर्ज टाकला.

गेल्या आठवड्यात भिंत उतरली. सकाळी मी खिडकी सताड उघडली. टेबलभर ऊन पसरलं. एक काळा कोट पुढे ओढला, सुई घेतली, दोरा ओवायला गेलो, तर जाईना. दारात जाऊन बघितलं. रस्त्यात उभं राहून बघितलं. ठके, भर उन्हात मला सुईचं नेढं दिसेना.

पेनाचा आवाज थांबलाय. लिहा मास्तर, हेही लिहा. माझा हात धडधाकट आहे. मला दिसत नाही.

आणि हे आत्ताच कळलं असंही नाही. भिंत उभी राहायच्या आधीच एका गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटाला मी निळ्या दोऱ्यानं बटणं लावली होती. तो हसला, मी बल्बला शिव्या घातल्या. बल्ब बदलला, चष्मा बदलला, मग मास्तरांची भिंत आयती सापडली. भांडत होतो तोवर मी आंधळा होत नव्हतो, माझ्यावर फक्त अन्याय होत होता.

गुरुवारी मास्तरांच्या आई जिन्यावरून पडल्या. आंघोळीला वर निघाल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात, या वयात पुन्हा उठतील अशी आशा धरू नका. त्यांची किंकाळी मला खिडकीतून स्वच्छ ऐकू आली. मधे आता काहीच नाही ना.

दोष भिंतीचा नव्हता, माझ्या डोळ्यांचा होता, हे मास्तरांच्या तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. हात दुखतोय, मुलीला पत्र लिहून द्याल का, एवढंच विचारलं. हा भला माणूस आईला औषध पाजून लगेच आला.

तू ये. मशीन घेऊन जा, इथे गंजेल. भीती वाटते गं. अंधाराची वाटते, आणि मी जे करून बसलो त्याचीही.

मास्तर टेबलापलीकडे बसलेत. त्यांचा चेहरा कसा झालाय, ते मला इथून दिसत नाही.

तुझा,
बाबा

ताई, यांनी सांगितलं ते शब्दन् शब्द लिहिलं आहे, काही गाळलेलं नाही. पत्र मीच पेटीत टाकतो. यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे तातडीनं न्यायला हवं. शेजारी म्हणून मीच न्यायचं, पण माझ्यानं ते होणार नाही. तुम्ही लवकर या.
– मास्तर